बदली प्रत शिल्लक आहे का, हे आधी विचारा

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. एका छोट्या प्रकाशकाच्या वेबसाइटवर त्यांनी ३०० क्रमांकित प्रतींच्या सचित्र आवृत्तीची प्रकाशनपूर्व नोंदणी केली. किंमत ४,८०० रुपये, पाठवणीचा खर्च वेगळा. पावतीवर प्रत क्रमांक ४७ असं लिहिलेलं होतं. मार्चमध्ये येणारं पुस्तक ऑगस्टमध्ये आलं. खालचा कोपरा चेपलेला, पुस्तक ठेवायच्या पुठ्ठ्याच्या पेटीची कड फाटलेली, आणि स्वाक्षरीच्या पानावर क्रमांक २११. प्रकाशक म्हणतात, आवृत्ती संपली, बदलून देता येणार नाही. आता काय करावं, असं ते विचारतात. शिवाय अशीच एक आवृत्ती न्यू जर्सीतल्या भावाला पाठवायची आहे आणि स्वतःसाठी एक ब्रिटनहून मागवायची आहे.

मी बावीस वर्षं पुण्यात प्रकाशकांची पुस्तकं खोक्यात बांधून वाचकांना पाठवण्याचं काम करते. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं मुख्यतः अशाच आवृत्त्या हाताळल्या: क्रमांकित, स्वाक्षरीच्या, कापडी बांधणीच्या, पेटीतल्या. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पण आजचं काम आधी. खोका, आतला बबल रॅप, पत्त्याचं लेबल यातलं काहीही टाकू नका. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा, मग चेपलेल्या कोपऱ्याचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा, मग क्रमांकाच्या पानाचा आणि पावतीचा एकत्र फोटो. ओळखीच्या बाइंडरकडून कोपरा सरळ करून घ्यायचा मोह होईल. तक्रार मिटेपर्यंत पुस्तकाला हात लावू देऊ नका, नाहीतर मूळ नुकसान किती होतं हे सिद्ध करायला काही उरणार नाही. आणि तक्रार फोनवर करू नका, ईमेलने करा.

प्रकाशकांच्या उत्तरात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बदली प्रत शिल्लक नाही, ही त्यांची अडचण झाली. त्यासाठी खराब प्रत तुम्ही मुकाट्याने ठेवून घ्यावी, असं कुठे लिहिलेलं नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराला अपवाद फक्त त्यांच्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्यात आहे. ‘मर्यादित आवृत्ती परत घेतली जाणार नाही’ असं वेबसाइटवर छापलं म्हणून हे नियम पुसले जात नाहीत. एक महिन्यात काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या ठाण्यातच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

तरीही थेट आयोगाकडे जा, असं मी सांगणार नाही. तुम्हाला पैसे नको आहेत, पुस्तक हवं आहे, हे तुमच्या पत्रातून दिसतं. पैसे परत मिळाले तर प्रतही जाईल, आणि ती पुन्हा मिळायची नाही. म्हणून प्रकाशकांना एकच प्रश्न लेखी विचारा: बांधणीत जास्तीच्या प्रती किती निघाल्या, आणि त्यातल्या किती शिल्लक आहेत?

हा प्रश्न का, ते सांगते. ३०० प्रतींची आवृत्ती काढायची तर कोणताही शहाणा छापखाना ३०० प्रतींचेच ताव छापत नाही. रंग जुळवताना काही ताव जातात, घडी घालताना काही फर्मे, म्हणजे घडी घातलेले ताव, बिघडतात, शिलाईत काही, सोनेरी छाप वाकडी बसली की काही. ३३० ते ३४० प्रतींचा माल धरावा लागतो. स्वाक्षरीचं पान वेगळं छापून आधी लेखकाकडे किंवा चित्रकाराकडे जातं आणि सही होऊन आल्यावर बांधणीत घेतलं जातं. तेही तेवढंच जास्त करून घ्यायचं. सगळं नीट पार पडलं तर ३०० च्या वर दहा-पंधरा धड प्रती उरतात. त्यांच्यावर क्रमांक घालायचा नाही, त्या कपाटात ठेवायच्या. एखाद्या वाचकाची प्रत वाटेत खराब झाली तर ती परत मागवायची, तिचं क्रमांकाचं पान काढून ती रद्द करायची आणि तोच क्रमांक जास्तीच्या प्रतीवर घालून पाठवायची. आवृत्ती ३०० ची ३०० च राहते आणि वाचकाला त्याची प्रत मिळते.

प्रत्यक्षात काय होतं? प्रकाशन समारंभात या जास्तीच्या प्रती पाहुण्यांना, परिचितांना, परीक्षण लिहिणाऱ्यांना वाटून टाकतात. पुस्तकं रवाना व्हायच्या आधीच कपाट रिकामं होतं. हे मला मनापासून खटकतं. शंभरातली दोन-तीन पुस्तकं वाटेत मार खाणारच, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. शेवटचं पुस्तक वाचकाच्या हातात पोचून महिना होईपर्यंत त्या प्रतींना कुणी हात लावू नये. त्या वाचकांच्याच असतात. म्हणून पुढच्या वेळी नोंदणी करण्याआधी हा प्रश्न विचारा. ‘दहा बदली प्रती राखून ठेवल्या आहेत’ असं ज्यांच्याकडून सरळ उत्तर येईल, त्यांच्याकडे डोळे मिटून पैसे भरा. उत्तर टाळलं तर समजा की काही बिघडलं तर तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागेल.

आता क्रमांकाचं. पावतीवर ४७ लिहिलं असेल तर ४७ हाच तुमचा हक्क. फक्त फोनवर ‘पन्नासच्या आतला देतो’ असं म्हणाले असतील तर जोर कमी पडतो. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. वेबसाइटची यादी एक, व्हॉट्सअॅपवर आलेल्या नावांची वही दुसरी, प्रदर्शनातल्या टेबलावरची पावतीपुस्तकं तिसरी, आणि शेवटच्या रात्री तिन्ही एकत्र करणारा माणूस एकच. यातूनच ३०० प्रतींच्या ३१२ नोंदण्या होतात आणि बारा जणांना पैसे परत जातात. माझ्याकडे एकदा नाशिक आणि कोल्हापूरच्या वाचकांच्या प्रतींची अदलाबदल झाली होती. दोघांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं, आणि आमच्या खर्चाने दोन्ही पुस्तकं परत मागवून पुन्हा नीट बांधून पाठवली. तुमची ४७ क्रमांकाची प्रत आज कुणाच्या तरी कपाटात आहे. प्रकाशकांनी एक फोन केला तर ती बहुधा सापडेल.

मात्र लहान क्रमांकाची प्रत चांगली असते, हा समज सोडून द्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांच्या काळात तो खरा होता, कारण पत्रा झिजत जायचा आणि पहिले ठसे अधिक तीक्ष्ण यायचे. ऑफसेटवर छापलेल्या पुस्तकात १ आणि ३०० यांत काही फरक नसतो. ती त्या क्रमाने बांधलेलीही नसतात. क्रमांकापेक्षा त्या पानावरचा मजकूर नीट वाचा. कुणाची सही आहे, किती प्रतींवर आहे, सगळ्या प्रती सारख्या आहेत का? अमेरिकेतल्या लिमिटेड एडिशन्स क्लबने १९३५ मध्ये जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ १५०० प्रतींत काढली. सगळ्यांवर चित्रकार मातीसची सही होती, पण खुद्द जॉइसची सही त्यातल्या फक्त २५० प्रतींवर. ‘स्वाक्षरीची आवृत्ती’ एवढ्याच शब्दांवर भुलून पैसे भरणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

पाच महिन्यांच्या उशिराबद्दल मी प्रकाशकांची थोडी बाजू घेईन. सहीची पानं लेखकाकडे अडकतात. वयस्कर लेखकाने दिवसाला वीस-तीसपेक्षा जास्त सह्या करू नयेत, असं आम्हीच सांगतो, नाहीतर शेवटच्या शंभर सह्या ओळखू येत नाहीत. आणि मे उलटला की बांधणीचं सगळं गणित बदलतं. पावसाळी हवेत खळ आणि सरस वाळत नाही. पुठ्ठ्याला बाहेरून कापड आणि आतून पुस्ती, म्हणजे आतल्या बाजूचा कागद, चिकटवलेली असते. दोन्हींची ओल सारखी सुकली नाही की पुठ्ठा वाकतो. हातकागद वापरला असेल तर आणखी दिवस द्यावे लागतात, कारण तो ओल जास्त शोषतो. असं पुस्तक दाबाखाली न ठेवता घाईने पाठवलं तर ते तुमच्या घरी उघडल्यावर धनुष्यासारखं होतं. त्यामुळे जुलैत ‘आणखी तीन आठवडे लागतील’ असं कळवणाऱ्या प्रकाशकाचा मला राग येत नाही. काहीच न कळवणाऱ्याचा येतो.

आणि आता कोपरा. तो बहुतेक कुरिअरच्या हबमध्ये चेपला असेल, पण चूक खोका बांधणाऱ्याची आहे. खोका पडणारच, हे धरूनच बांधायचं असतं. तुमच्या फोटोत पुस्तक खोक्यात घट्ट बसलेलं दिसतं. इथेच गफलत झाली. घट्ट बसलेल्या पुस्तकाच्या कोपऱ्याला खोक्यावर बसलेला प्रत्येक मार थेट पोचतो. पुस्तक आत तरंगतं राहायला हवं.

आम्ही करतो ते असं. आधी पुस्तकाला साधा बटर पेपर. त्यावर प्लास्टिकची पिशवी, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी घालून. मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. ही गोष्ट मी किंमत मोजून शिकले आहे. कामाच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात चाळीस पुस्तकं फुगे आत करून, बटर पेपर न लावता बांधली. उन्हात तापलेल्या टेम्पोतून ती विदर्भात पोचली तेव्हा गडद निळ्या आवरणांवर गोल गोल ठसे उठले होते, आणि ते कायमचे होते. त्या चाळीस वाचकांची नावं मी अजून विसरलेले नाही. बबल रॅपनंतर वर-खाली नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठे. हे तुकडेच कोपरे वाचवतात, कारण मार आधी त्यांच्या कडेला बसतो. मग तीन पदरी आतला खोका, त्याभोवती चोहोबाजूंनी चार सेंटिमीटर चुरगळलेला कागद, आणि बाहेर पाच पदरी खोका. खोका हलवल्यावर आवाज आला तर उघडून पुन्हा बांधायचा.

पेटीतल्या पुस्तकाची आणखी एक अडचण असते. तीन किलोचं पुस्तक पेटीत मागे-पुढे सरकत राहतं आणि हातोड्यासारखं पेटीची मागची बाजू फोडतं. तुमच्या पेटीची कड अशीच फाटली असणार, बाहेरून मार लागून नव्हे. पेटीच्या उघड्या तोंडाशी पुठ्ठ्याची पट्टी बसवून पुस्तक आत स्थिर करावं लागतं. हे दोन मिनिटांचं काम आहे.

मग लोक हे का करत नाहीत? भाडं. बहुतेक कुरिअर कंपन्या खऱ्या वजनाऐवजी आकारमानाचं वजन जास्त भरलं तर त्यावर पैसे घेतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४४ × ३६ × १६ चा सुरक्षित खोका पाच किलोंच्या वर जातो. तेच पुस्तक ३६ × २८ × ९ च्या घट्ट खोक्यात भरलं तर आकारमान दोन किलोंच्याही खाली येतं आणि फक्त खऱ्या वजनाचे, म्हणजे साधारण साडेतीन किलोंचे, पैसे लागतात. दर पुस्तकामागे वाचणाऱ्या त्या पैशांसाठी कोपरा जातो. म्हणून पाठवणीचा खर्च वेगळा आणि जरा जास्त वाटला तर नाराज होऊ नका, ‘खोका कसा बांधणार’ एवढं विचारा. चांगल्या प्रकाशकाकडे बाइंडरने केलेली कोरी डमी असते, त्याच कागदाची, त्याच पुठ्ठ्याची. आम्ही ती डमी आधी रत्नागिरीला आणि नागपूरला पाठवून परत मागवतो. तिचे कोपरे धड आले की मगच खऱ्या प्रती निघतात.

देशातल्या टपालाबद्दल थोडक्यात. पुस्तकांची जुनी सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून पाच किलोंपर्यंत १०० रुपये अधिक कर. नेहमीच्या शैक्षणिक आणि सांस्कृतिक पुस्तकांसाठी ती मोठी सोय आहे. पण तो माल रस्त्याने आणि रेल्वेने जातो, म्हणून संग्राह्य प्रत त्यातून पाठवू नये. सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. स्पीड पोस्टने वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाई भाड्याच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातली कमी असेल ती. ४,८०० च्या पुस्तकाला ती पुरत नाही, त्यामुळे कुणीही नेवो, विमा घ्या आणि त्यावर खरी किंमत लिहा. आणि तारीख तुम्ही ठरवा. गणपतीत तुम्ही कोकणात असाल तर त्या आठवड्यात पाठवू नका असं कळवा. घर बंद म्हणून परत गेलेलं पुस्तक आणखी एक फेरी मारून येतं, म्हणजे दुप्पट मार.

न्यू जर्सीच्या भावाचं उत्तर माझ्याकडे साधं आहे. प्रत ठाण्याला मागवा, उघडून तपासा आणि जाणाऱ्या माणसाच्या हातसामानातून पाठवा. चेक-इन बॅगेत घालू नका. टपालाने पाठवायचं असेल तर हे ध्यानात ठेवा की अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली, त्याआधीच २५ ऑगस्टपासून आपल्या टपालखात्याने तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं आणि ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. त्या सात आठवड्यांत माझ्या कपाटात अमेरिकेची अकरा पुस्तकं पडून होती. त्यामुळे नोंदणीच्या दिवशीचा नियम पाठवणीच्या दिवशीही राहील असं गृहीत धरू नका. अर्जावर ‘छापील पुस्तक’ आणि ४९०१ हा सीमाशुल्क क्रमांक स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं ‘कलेक्टिबल’ किंवा ‘गिफ्ट सेट’ लिहिलं की तपासणारा अधिकारी त्याला पुस्तक समजेलच असं नाही.

ब्रिटनहून मागवताना पहिली अडचण घड्याळाची. तिकडे दुपारी तीनला विक्री सुरू होणार असेल तर उन्हाळ्यात ती आपल्याकडे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ सरकतं. या एका तासात अनेकांची प्रत हुकते. दुसरी अडचण कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार कार्डावर परदेशी व्यवहार आपण चालू करेपर्यंत बंद असतात. आदल्या दिवशी बँकेच्या अॅपमध्ये ते चालू करा, मर्यादा वाढवा आणि त्याच दुकानातून एखादं स्वस्त पुस्तक घेऊन कार्ड चालतं का पाहा. व्यवहार फसला आणि पैसे कापले गेले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी ईमेल आला का बघा. दोन प्रती नावावर पडल्या तर ‘एका व्यक्तीस एक’ या नियमाखाली दोन्ही रद्द झालेल्या मी पाहिल्या आहेत.

छापील पुस्तकांवर आयातीच्या वेळी २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के मूळ सीमाशुल्क आहे. कुरिअर कंपनी केवायसीची कागदपत्रं मागते आणि शुल्क भरण्याचे स्वतःचे पैसेही लावते, ते धरून हिशेब करा. विक्रेत्याला ‘भेट म्हणून लिहा, किंमत कमी दाखवा’ असं सांगू नका. भेटवस्तूची पाच हजारांपर्यंतची सूट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. शिवाय खोटी किंमत लिहिलेलं पुस्तक हरवलं तर विम्याचे पैसेही त्या खोट्या किंमतीइतकेच मिळतात.

तुमच्या प्रकाशकांना आज पाठवायचा मजकूर असा असू द्या: “पावती क्रमांक अमुक. ठरलेली प्रत ४७, आलेली २११, कोपरा आणि पेटी खराब, फोटो सोबत. ४७ क्रमांकाची प्रत कुणाकडे गेली ते शोधून अदलाबदल करावी. ते शक्य नसल्यास राखीव प्रतीवर ४७ घालून द्यावी, परतीचा खर्च आपला. तेही शक्य नसल्यास मी २११ ठेवतो, पण नवी पेटी आणि किमतीत योग्य ती सूट द्यावी. ४८ तासांत पोच कळवावी.” कोपरा एवढाच चेपला असेल तर पंधरा-वीस टक्के सूट मला रास्त वाटते. पानांपर्यंत घडी गेली असेल तर तिसरा पर्याय खोडून टाका आणि पूर्ण पैसे मागा.

उत्तर येईपर्यंत पुस्तक पेटीबाहेर, आडवं, कोरड्या जागी ठेवा. ठाण्यात सध्या हवा दमट आहे. वर सारख्या आकाराची दोन पुस्तकं ठेवा, त्याहून जास्त वजन नको.